वाचकांचे प्रश्न : साखरेऐवजी स्टिव्हिया

मधुमेहींच्या आहारावरील गेल्या अंकातील लेखानंतर स्टिव्हियाविषयी इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्या एकाच वनस्पतीसाठी राखून ठेवावे असे ठरवले. सारख्या शंका एकत्र करून उत्तरे दिली आहेत. एक गोष्ट आधी नोंदवते. गोडी ही जिभेला होणारी जाणीव आहे आणि साखर हा एक पदार्थ आहे. तो पोटात, रक्तात आणि कढईतही आपापली वेगळी कामे करतो. स्टिव्हिया फक्त गोडी देते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच भेद पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : माझे वय ६८ असून बऱ्याच वर्षांपासून मला टाइप २ मधुमेह आहे. दिवसा गोळ्या आणि रात्री इन्शुलिन चालू आहे. दिवसातून चार वेळा चहा होतो आणि बिनसाखरेचा चहा मला घशाखाली उतरत नाही. स्टिव्हिया घेतल्याने साखर कमी होते, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : स्टिव्हियाने रक्तातील साखर वाढत नाही, एवढे खरे आहे. ती साखर कमी करते असे मात्र आपण समजू नये. या वनस्पतीच्या पानांत स्टिव्हिऑल ग्लायकोसाइड नावाचे गोड घटक असतात. स्टिव्हिऑल हा त्यांचा गाभा आणि त्याला ग्लुकोजचे रेणू जोडलेले, अशी त्यांची रचना असते. आपल्या जठरातील आणि लहान आतड्यातील पाचकरसांना हा जोड सोडवता येत नाही, म्हणून हे घटक जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जिवाणू ग्लुकोजचे रेणू सोडवून स्वतःच वापरून टाकतात, उरलेले स्टिव्हिऑल रक्तात शोषले जाते, यकृतात त्यावर प्रक्रिया होते आणि ते लघवीवाटे शरीराबाहेर पडते. या सगळ्यात रक्तातील ग्लुकोजमध्ये भर पडत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना १६ आठवडे रोज १००० मिलिग्रॅम रेबॉडिओसाइड-ए, म्हणजे स्टिव्हियातील एक प्रमुख गोड घटक, देण्यात आला. त्यांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीत, त्यामुळे फरक पडल्याचे दिसले नाही. म्हणून स्टिव्हिया हे औषध नव्हे आणि तिच्या भरवशावर एकही गोळी चुकवू नये.

फायदा आहे तो साखर पोटात न जाण्याचा. चार कप चहात प्रत्येकी दोन लहान चमचे धरले तर दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर आणि १६० किलोकॅलरी केवळ चहातून जातात. आपल्या प्रकृतीला ही बचत मोलाची आहे. मात्र चहातली साखर काढली आणि बशीत दोन बिस्किटे किंवा खारी वाढली, तर मिळवलेले सगळे तेथेच संपते.

आता आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. आपण इन्शुलिन घेता. रोजची ४० ग्रॅम साखर एकदम बंद केली आणि औषधाची मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर नको तितकी खाली जाण्याचा संभव असतो. त्यामुळे बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि पहिले काही दिवस घरच्या ग्लुकोमीटरवर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासावी. एखाद्या वेळी दरदरून घाम आला, हात थरथरू लागले, छातीत धडधडले, बोलण्यात गोंधळ होऊ लागला, तर तीन लहान चमचे साखर किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच घ्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच घ्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. या प्रसंगी स्टिव्हियाचा चहा कितीही गोड लागला तरी निरुपयोगी असतो. घरात मधुमेही माणूस आहे म्हणून साखरेचा डबा घरातून हद्दपार करणाऱ्या कुटुंबांना हे मी आवर्जून सांगत असते. थोडी साखर, आणि ती कोठे ठेवली आहे याची घरातल्या प्रत्येकाला माहिती, असायलाच हवी.

प्रश्न : दुकानात स्टिव्हियाच्या पुड्या, गोळ्या, थेंब असे प्रकार मिळतात. एका पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘स्टिव्हिया’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘माल्टोडेक्स्ट्रिन’ लिहिलेले दिसले. मग मी नक्की काय विकत घेतले?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : वजनाने पाहिले तर आपण बहुतांशी भरणपदार्थ विकत घेतलात. शुद्ध स्टिव्हिऑल ग्लायकोसाइड साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतात. याचा अर्थ असा, की पाच ग्रॅम साखरेची, म्हणजे एका लहान चमच्याची गोडी आणण्यासाठी सुमारे २० मिलिग्रॅम पूड पुरते. एवढीशी पूड चिमटीत धरता येत नाही, तर चमच्याने मापणार कशी? म्हणून उत्पादक तिच्यात काहीतरी मिसळून तिला हाताळण्याजोगे आकारमान देतात. एक ग्रॅमच्या पुडीत उरलेला जवळजवळ सगळा भाग या मिसळीचा असतो.

ही मिसळ कशाची आहे, यावर पुडीची योग्यता ठरते. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून बनवलेले असून पोटात गेल्यावर झपाट्याने ग्लुकोजमध्ये बदलते. एका पुडीतील एक ग्रॅमने काही बिघडत नाही, परंतु दिवसाला दहा-बारा पुड्या घेणाऱ्या मधुमेहीने ती भर मोजायला हवी. गोळ्यांत लॅक्टोज असते, तेही अगदी थोडे. ‘साखरेइतक्याच मापाने वापरा’ असे लिहिलेल्या पाकिटांकडे अधिक बारकाईने पाहावे. त्यांतील काहींत निम्मी खरी साखर असते आणि बऱ्याच पाकिटांत एरिथ्रिटॉल असते.

एरिथ्रिटॉलमुळे रक्तातील साखर वाढत नाही. पण २०२३ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलचे प्रमाण जास्त होते, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण अधिक आढळले. एरिथ्रिटॉल शरीरात स्वतःहूनही तयार होते, त्यामुळे केवळ या संबंधावरून खाल्लेल्या एरिथ्रिटॉलला दोषी ठरवता येत नाही. तरीही ज्यांना हृदयविकार झालेला आहे किंवा ज्यांना रक्तात गुठळ्या होण्याची तक्रार आहे, त्यांनी चमच्यांनी वापरायची ही पाकिटे टाळावीत आणि थेंब वापरावेत, असे माझे मत आहे. थेंबांत बहुधा पाणी, स्टिव्हियाचा अर्क आणि एखादा परिरक्षक एवढेच असते. घटकांच्या यादीत स्टिव्हिऑल ग्लायकोसाइडचा उल्लेख कधी कधी ९६० या क्रमांकाने केलेला असतो, तो ओळखून ठेवावा.

प्रश्न : स्टिव्हियावर अमेरिकेत बंदी होती असे वाचले. तिने वंध्यत्व येते असेही कोणीतरी म्हणाले. माझ्या मुलीला दिवस गेले आहेत, म्हणून काळजी वाटते.
— एक आई, नागपूर

उत्तर : दोन्ही गोष्टींना थोडासा आधार आहे, पण त्यांचे पुढे काय झाले ते सांगितले जात नाही.

ही वनस्पती मूळची पॅराग्वेच्या ईशान्य भागातली, ब्राझीलच्या सीमेलगतच्या डोंगराळ प्रदेशातली. तेथील ग्वारानी लोक शतकानुशतके कडवट ‘माते’ पेयात हिची पाने घालत आले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि पॅराग्वेत स्थायिक झालेले वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी यांनी १८९९ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १९३१ साली दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून स्टिव्हिओसाइड हा गोड घटक वेगळा काढला. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून तो लोणची, सोया सॉस आणि शीतपेयांत सर्रास वापरला जातो.

वंध्यत्वाची भीती १९६८ सालच्या एका प्रयोगातून आली. त्यात उंदीर-माद्यांना स्टिव्हियाच्या पानांचा काढा पाजला असता पिलांची संख्या घटली होती. पुढे इतर संशोधकांनी प्राण्यांवर, काही वेळा सलग पिढ्यांवर, शुद्ध स्टिव्हिओसाइड वापरून प्रयोग केले, तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९१ मध्ये आयातीवर निर्बंध घातला होता, तो पुरेशी सुरक्षाविषयक माहिती नाही या कारणाने. १९९५ मध्ये आहारपूरक म्हणून परवानगी मिळाली आणि डिसेंबर २००८ मध्ये शुद्ध रेबॉडिओसाइड-ए खाद्यपदार्थांत वापरण्यास आपला आक्षेप नाही, असे त्या प्रशासनाने कळवले. त्याच वर्षी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा ठरवून दिली. ती शरीराच्या दर किलो वजनामागे ४ मिलिग्रॅम, आणि ती स्टिव्हिऑलच्या हिशेबात मोजायची असते. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि आपल्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१५ मध्ये परवानगी दिली.

मर्यादेचा अर्थ उदाहरणाने सांगते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती २४० मिलिग्रॅम स्टिव्हिऑल, म्हणजे सुमारे ७२० मिलिग्रॅम रेबॉडिओसाइड-ए इतकी होते. एका लहान चमचा साखरेच्या जागी २० मिलिग्रॅम लागते हे वर आलेच आहे. म्हणजे जवळपास ३५ चमचे साखरेची गोडी एका दिवसात घेतली तरच ही मर्यादा गाठली जाईल. आपल्या मुलीने दिवसातून एक-दोन कप चहात शुद्ध अर्काचे थेंब घालण्याला हरकत दिसत नाही. कच्च्या पानांची पूड किंवा काढा मात्र या काळात घेऊ नये, कारण खाद्यपदार्थांत गोडवा म्हणून मिळालेल्या वरील मंजुऱ्या शुद्ध केलेल्या अर्कासाठी आहेत, पानांसाठी नाहीत. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर आहाराचे सगळेच माप तिच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांना गोडाची फार आवड. सणावारी सगळे जेवत असताना त्यांनी नुसते पाहत बसावे हे मनाला पटत नाही. स्टिव्हिया घालून पुरणपोळी, श्रीखंड, बेसनाचे लाडू, मोरंबा असे काय काय करता येईल? दोनदा केलेले लाडू वळलेच नाहीत.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : तुमची कळकळ पत्रातून जाणवली, म्हणून या उत्तराला जागा थोडी जास्त घेते. लाडू वळले नाहीत यात तुमच्या हाताचा दोष नाही. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर गोडीबरोबर आकारमानही देते आणि तूप धरून ठेवते. दोन वाट्या पिठीसाखरेच्या जागी चिमूटभर पूड घातली, की तेवढ्याच बेसनाला तूप जास्त होते आणि मिश्रण बसते. तूप एक तृतीयांशाने कमी करा, भाजलेल्या डाळ्याचे पीठ किंवा बदामाची भरड घाला, आणि मिश्रण पूर्ण गार झाल्यावर वळा. चव नेहमीच्या लाडवाची येणार नाही, पण लाडू वळला जाईल. आणि बेसन, तूप, बदाम यांचे उष्मांक तसेच राहतात, तेव्हा एकच लाडू.

जेथे पाक आहे तेथे स्टिव्हियाचा विचारच करू नका. बुंदीचे लाडू, रव्याचे पाकातले लाडू, जिलेबी, चिक्की, पाकातल्या पुऱ्या, या सगळ्यांची बांधणी एकतारी, दोनतारी किंवा गोळीबंद पाकावर होते. तार येते ती पाण्यात विरघळलेली साखर आटत गेल्यामुळे. स्टिव्हिया कितीही आटवली तरी तार येणार नाही, आणि साखर भाजल्यावर येणारा तांबूस रंग आणि खमंग वासही येणार नाही.

मोरंब्याचे कारण वेगळे आणि अधिक महत्त्वाचे आहे. मोरंबा, साखरांबा, गुळांबा वर्षभर टिकतात ते त्यांतील भरपूर साखर पाण्याला बांधून ठेवते म्हणून. बुरशीला आणि जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. स्टिव्हिया घालून शिजवलेला आंबा म्हणजे नुसता शिजवलेला आंबा. तो बरणीत भरून फडताळात ठेवला तर काही दिवसांत फसफसेल. करायचाच असेल तर वाटीभर करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. शिवाय आंब्याची स्वतःची साखर त्यात असतेच.

श्रीखंड मात्र उत्तम होते. चक्क्यात साखर मिसळली की तो सैल आणि तुकतुकीत होतो. स्टिव्हियाने तसा होत नाही, म्हणून दोन-तीन चमचे साय किंवा दूध घालून पुरणयंत्रातून काढा. चक्का गोड दह्याचा घ्या, आंबट चक्क्याला गोडी जास्त लागते आणि मग कडवटपणा पुढे येतो. केशर, वेलची, जायफळ यांत कसूर करू नका. बासुंदी आणि खीर यांतही स्टिव्हिया चालते, ती उकळली तरी तिची गोडी जात नाही. तरीही शेवटी घातली म्हणजे चाखून प्रमाण ठरवता येते. शिऱ्यात साखर विरघळताना सुटणारे पाणी रव्याला मऊ करते, त्यामुळे स्टिव्हिया वापरताना दूध किंवा पाणी पाव वाटीने वाढवावे.

पुरणाच्या बाबतीत मी पूर्ण बदल सुचवणार नाही. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होते, मग आटत आटत इतके घट्ट होते की उलथणे त्यात उभे राहते, आणि त्या घट्टपणामुळेच पोळी लाटता येते. गूळ अजिबात न घालता केलेले पुरण कोरडे, भुरभुरीत होते आणि पोळी फुटते. नेहमीच्या एक तृतीयांश गूळ ठेवा आणि उरलेली गोडी स्टिव्हियाने आणा. त्या दिवशी सासूबाईंना एक लहान पोळी, सोबत कटाची आमटी आणि भाजी, आणि भात वगळून असे ताट वाढले, तर त्यांना पंगतीत बसता येईल.

प्रश्न : स्टिव्हियाचा चहा प्यायल्यावर जिभेवर कडवट, ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते. ती घालवता येते का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : पूर्ण नाही, पण कमी करता येते. स्टिव्हियातील घटक जिभेवरील गोड चवीच्या ग्राहींबरोबर, म्हणजे चव ओळखणाऱ्या सूक्ष्म घटकांबरोबर, कडू चवीच्या काही ग्राहींनाही उद्दीपित करतात, आणि मात्रा वाढली की कडूपणा अधिक जाणवतो. म्हणून दोन चमचे साखरेची गोडी गाठण्याचा प्रयत्न सोडून एका चमच्याच्या गोडीवर थांबावे. आले, वेलची, गवती चहा घातलेल्या चहात आणि लिंबाच्या सरबतात चिमूटभर मिठासह ही चव बरीच झाकली जाते. स्टिव्हिओसाइडपेक्षा रेबॉडिओसाइड-ए कमी कडवट असते, आणि रेबॉडिओसाइड-एम त्याहून स्वच्छ गोड लागते. घटकांच्या यादीत यांपैकी काय आहे ते पाहून निवड करावी.

प्रश्न : आमच्याकडे गुंजेचा पाला विड्यात घालतात, तोही गोड असतो. परदेशी झाडाऐवजी तो, ज्येष्ठमध किंवा आपला गूळ का वापरू नये? आणि गुडमार म्हणजेच स्टिव्हिया का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : गुंजेच्या पानांतही साखरेच्या अनेक पट गोड असे घटक आहेत. विड्यात चार पाने घालण्याची रीत जुनी आहे आणि मला स्वतःला ती प्रिय आहे. परंतु रोज किती प्रमाणात खाल्ले तर सुरक्षित, याचा स्टिव्हियासारखा तपशीलवार अभ्यास होऊन त्यांना खाद्यपदार्थांसाठी मंजुरी मिळालेली नाही. शिवाय त्याच वेलीच्या लाल-काळ्या बियांत अब्रिन हे अतिशय जहाल विष असते. बी चावली गेली तर जीवावर बेतू शकते, म्हणून लहान मुले असलेल्या घरात वेल लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन रोज आणि बराच काळ पोटात गेले तर शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. खोकल्यासाठी तुकडा चघळणे वेगळे आणि रोजच्या चहात घालणे वेगळे. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते टाळावे.

गुळाचा मोठा भाग सुक्रोजच, म्हणजे साखरच असतो. थोडे खनिज असते, स्वाद अप्रतिम असतो, पण मधुमेहीच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. मधाचेही तसेच.

गुडमार ही अगदी निराळी वेल आहे. तिचे पान चावल्यावर जिभेवरील गोड चवीचे ग्राही काही काळ बंद पडतात आणि साखर वाळूसारखी बेचव लागते. स्टिव्हिया गोडी देते, गुडमार ती जाणवू देत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना गुडमारची चूर्णे डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, कारण दोन्हींचा मिळून साखरेवर परिणाम होऊ शकतो.

प्रश्न : मला मधुमेह नाही, वजन कमी करायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोडव्यांच्या विरोधात सल्ला दिला आहे म्हणतात. मग स्टिव्हिया सोडू का?
— एक तरुणी, मुंबई

उत्तर : मे २०२३ मध्ये त्या संघटनेने वजन नियंत्रणासाठी साखरेतर गोडवे वापरू नयेत असे सुचवले आणि त्या यादीत स्टिव्हियाही आहे. यामागे दोन प्रकारचे पुरावे होते. थोड्या मुदतीच्या चाचण्यांत वजन किंचित घटलेले दिसले. परंतु अनेक वर्षे चाललेल्या निरीक्षणांत गोडवे जास्त घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक दिसले. या दुसऱ्या प्रकारात एक अडचण असते, ती म्हणजे ज्यांचे वजन आधीच वाढलेले आहे तेच अशा गोडव्यांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे कठीण जाते. म्हणून संघटनेने हा सल्ला सशर्त म्हटला आहे. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही.

तुमच्या बाबतीत मी असे म्हणेन, की दिवसाला सहा-आठ चमचे साखर चहा-कॉफीतून जात असेल तर काही महिने स्टिव्हियाचा आधार घ्या, पण त्याच वेळी गोडीच कमी करत चला. दर पंधरा दिवसांनी मात्रा थोडी उतरवली तर जीभ त्याला सरावते, आणि मग दूध, पपई, चिकू यांची मूळची गोडी जाणवू लागते. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी, जमल्यास ५ टक्क्यांहून कमी असावी, असे संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. २००० किलोकॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांनी आणि मिठाईने वजन उतरणार नाही. त्यांतील मैदा आणि तूप कोठे जात नाही.

प्रश्न : गच्चीत स्टिव्हियाचे रोप लावले आहे, ते कसे वापरावे? आणि माझा भाऊ अर्ध्या एकरात लागवड करू म्हणतो, रोपे देणारी कंपनीच पाने परत घेणार आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : कुंडीतल्या रोपाला पाण्याचा चांगला निचरा लागतो, मुळाशी पाणी साचले की ते कुजते. बियाण्याची उगवण कमी, म्हणून फांदीची कलमे लावावीत. दिवस लहान होऊ लागले की रोप फुलावर येते आणि पानांतील गोडी उतरते, तेव्हा कळ्या दिसण्याआधीच शेंडे खुडावेत. पाने सावलीत वाळवून डब्यात ठेवावीत आणि चहा उकळताना दोन-तीन पाने टाकून गाळून घ्यावीत. अधूनमधून असा चहा घेण्याला हरकत नाही. परंतु पानांना अमेरिकेत गोडवा म्हणून मान्यता नाही, म्हणून पूड करून रोज चमच्याने खाऊ नये.

शेतीबाबत भावाला थांबून विचार करायला सांगावे. एकदा लावलेले पीक तीन ते पाच वर्षे राहते, रोपांवरच मोठा खर्च होतो आणि पाने विकत घेणारे मोजके असतात. जगातील बहुतांश स्टिव्हिया चीनमध्ये पिकते आणि भाव तेथील उत्पादनावर हलतो. रोपे विकणारा आणि पाने घेणारा एकच असेल, तर त्याचा नफा रोपांच्या विक्रीतच पूर्ण होत नाही ना, हे पाहावे. सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या लागवडीच्या वेळी अनेक शेतकऱ्यांना हे फार महागात पडले. भाव, ओलाव्याची मर्यादा, गोड घटकांचे किमान प्रमाण, तपासणी कोणाकडे होणार आणि माल नाकारल्यास काय, हे सगळे लेखी असल्याशिवाय आणि आधी लावलेल्या दोन-तीन शेतकऱ्यांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय अर्धा एकर अडकवू नये. चार-पाच गुंठ्यांवर एक पावसाळा काढून पाहणे बरे.

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. दात किडू नयेत म्हणून दुधात साखरेऐवजी स्टिव्हिया घालू का? मागच्या आठवड्यात त्याला जुलाब झाले तेव्हा माझ्या आईने मीठ-साखर-पाणी दिले, त्यातही ती घालता आली असती का?
— एक वडील, नाशिक

उत्तर : स्टिव्हियाने दात किडत नाहीत हे बरोबर आहे. तरी दोन वर्षांपर्यंत मुलाला साखरही नको आणि स्टिव्हियाही नको. दुधात स्वतःची लॅक्टोज साखर असते आणि या वयात लागलेली चव पुढे टिकते. दूध नुसतेच द्यावे. पहिले काही दिवस तो कुरकुर करेल, मग घेईल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे, आणि ते घरातल्या सर्वांना सांगावे. जुलाबात दिल्या जाणाऱ्या पाण्यात साखर चवीसाठी नसते. लहान आतड्याच्या भिंतीत अशी यंत्रणा आहे, की ती ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा काम करत राहते. साखरेच्या जागी स्टिव्हिया घातली तर ग्लुकोजच नसेल, मीठ व पाणी नीट शोषले जाणार नाही, आणि गोड लागणारे ते पाणी पिऊनही मूल कोरडे पडत जाईल. मुलाच्या आजीने दिलेले पाणी योग्यच होते. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, ही पहिली पसंती. ती हाताशी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ विरघळवावे, प्रत्येक जुलाबानंतर घोटाघोटाने पाजावे आणि उरलेले २४ तासांनी टाकून द्यावे. लघवी सहा तासांत झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त दिसले, तर घरी वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.